भरमूआण्णांच्या हातचा सांधा

भरमूआण्णा चौगुल्यांच्या हातात इंजिनाचा ब्लॉक आला की ते आधी चष्मा काढून ठेवत. मग पितळेच्या दांडीनं ब्लॉकला हळूच ठोकत आणि डोळे मिटून ऐकत. अखंड ब्लॉक खणखणीत वाजतो, तडा असलेला बद्द वाजतो. सांगलीतल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी माझ्यासमोर तीन ब्लॉक असे वाजवले आणि तडा कुठल्यात आहे ते विचारलं. मी मधल्याकडे बोट दाखवलं. त्यांनी खुंटीवरचा ॲप्रन काढून माझ्या हातात दिला. एवढीच माझी मुलाखत.

मी कोरेगावची. वडिलांचं तिथं गॅरेज, त्यामुळे ग्रीसचा वास मला लहानपणापासून ओळखीचा. डिप्लोमा झाल्यावर मला इंजिनाचं आतलं काम शिकायचं होतं आणि त्यासाठी आण्णांचं नाव सगळे घेत. लेथवर मुलगी बघून गिऱ्हाइकं सुरुवातीला हसायची. आण्णा मान वर न करता म्हणायचे, "ब्लॉकला बाई-गडी कळत न्हाई. माप कळतंय." मग कुणी हसत नसे.

त्या काळात छोट्या गाड्यांना टर्बो लावून घ्यायची हौस आमच्या भागात नवी होती. पण छोट्या गाडीचं ॲल्युमिनियमचं इंजिन तेवढ्या दाबासाठी केलेलंच नसतं. आतले सिलिंडर वरच्या बाजूनं पाण्यात उभ्या ठेवलेल्या पेल्यांसारखे मोकळे असतात. टर्बोनं हवा कोंबली की ते हलू लागतात, वरची गॅस्केट फाटते. आण्णा म्हणायचे, "टर्बो म्हंजे पैलवान हाय. त्याला कुस्तीला उतरवायचा तर आखाडा आधी बांधा." तो आखाडा म्हणजे सिलिंडर आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये घट्ट बसणारं ॲल्युमिनियमचं कडं, पाणी फिरायला त्यात भोकं ठेवलेलं.

सांगायला सोपं, पण आमचे तीन ब्लॉक वाया गेले. कडं घट्ट बसवलं की सिलिंडरचा गोल बिघडायचा, सैल बसवलं की उपयोग नाही. शेवटी मी सुचवलं की कडं बसवल्यावर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या जागी जाड लोखंडी प्लेट आवळू आणि त्या ताणातच सिलिंडर आतून कापू. आण्णांनी लेथ बंद केला. मग स्वतः जाऊन प्लेट कापून आणली. चौथा ब्लॉक टिकला. त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "ही अक्कल वैशालीची हाय, माझी न्हवं." असं सांगणारा उस्ताद मी दुसरा पाहिला नाही.

आटपाडीचे सुभेदार खरात फौजेतून निवृत्त होऊन आले होते. मेढ्याकडच्या घाटात चढाची शर्यत होती, तिच्यात आपली छोटी गाडी टर्बो लावून पळवायची एवढी एकच हौस त्यांनी नोकरीभर जपली होती. त्यांचा ब्लॉक आम्ही घेतला. मध्येच मामेबहिणीच्या लग्नासाठी मी चार दिवस कोरेगावला गेले. परतले तेव्हा कडं बसवून, वरची बाजू गुळगुळीत करून ब्लॉक तयार होता. सवयीनं मी पितळेची दांडी उचलली. आण्णा म्हणाले, "मी ऐकलाय." मी दांडी ठेवून दिली. हेड बसवून बोल्ट मी आवळले, मापाच्या पान्यानं, तीनदा तपासून.

शर्यतीत चौथ्या वळणावर इंजिन फुटलं. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, आतला दांडा मोडून ब्लॉक फोडून बाहेर आला, तेल टायरवर सांडलं आणि गाडी कठड्यावर गेली. सुभेदारांचं उजवं मनगट मोडलं.

साताऱ्याच्या दवाखान्यात आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. काय झालं असावं, असं त्यांनी विचारलं. आण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोल्ट पोरीनं आवळल्यात. कुठंतरी कमी पडलं आसंल. शिकतीया अजून." मी हात जोडून सुभेदारांची माफी मागितली. नंतर महिनाभर मी ते बोल्ट मनातल्या मनात पुन्हा पुन्हा आवळत होते आणि कुठं चुकले ते शोधत होते. सापडेना. शेवटी ॲप्रन खुंटीला लावला आणि कोरेगावला परत आले. आण्णांनी थांब म्हटलं नाही. वडिलांच्या गॅरेजमध्ये मी तेल बदलायची, ब्रेक बसवायची. इंजिन उघडायची वेळ आली की वडिलांना हाक मारायची.

आठ महिन्यांनी सुभेदारांनी ते फुटकं इंजिन टेम्पोत घालून पाठवलं. टर्बो चांगला असेल तर काढून ठेवा, एवढाच निरोप होता. टर्बो काढला आणि मग मला राहवेना. मी कडं कापून काढलं. त्याखाली तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर बोटभर तडा होता, वेल्डिंगनं भरून वर घासून काढलेला. कड्याच्या आडोशाला खालचा थोडा भाग घासायचा राहिला होता. माशाच्या खवल्यांसारखं, एकावर एक बसलेलं ते वेल्डिंग. असा सांधा सांगलीत एकाच माणसाच्या हातचा होता. फुटलं होतं ते नेमकं तिथंच. आणि ज्याला तडा कानानं कळायचा, त्यानं मला सांगितलं होतं, मी ऐकलाय.

तो तुकडा कापून मी सांगलीला गेले. आण्णांनी तो हातात घेतला, बोटानं चाचपला. हात थरथरत होता. तो आधीपासूनच थरथरत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"माझंच हाय," ते म्हणाले. क्लॅम्प लावताना ब्लॉक त्यांच्या हातून सुटून पडला होता. शर्यत आठ दिवसांवर आली होती, शब्द दिलेला होता. सांधा टिकेल असं त्यांना वाटलं होतं.

"मग माझं नाव का घेतलंत, आण्णा?"

"तू तरणी हायस. तुला दुसरीकडं बी काम गावलं असतं. माझा हात गेला म्हटल्यावर मला कोण इचारतंय?"

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला रागही धड येईना. सुभेदारांना खरं सांगा, एवढंच मी मागितलं. आटपाडीला स्वतः जाऊन सांगतो, असं ते म्हणाले. मी पुन्हा विश्वास ठेवला.

गेल्या वर्षी आण्णा गेले. तिसऱ्या दिवशी मी घरच्यांना भेटायला गेले, तर ओसरीवर सुभेदार बसलेले. मला बघून ते उठले, बाजूला घेऊन मायेनं म्हणाले, "ताई, मनाला लावून घिऊ नका आता. चूक कुणाच्या बी हातनं हुती. आण्णा आटपाडीला आलते, तवा सोता म्हणाले, मी पोरीला माफ केलंय."

म्हणजे ते आटपाडीला गेले होते. आणि तिथं जाऊन हे सांगून आले होते.

घरच्या सुनेनं पुढं केलेला चहा मी घेतला. आण्णांच्या फोटोला नमस्कारही केला. निघताना सुभेदारांना म्हणाले, एकदा कोरेगावला या.

ते पुढच्याच आठवड्यात आले. मी तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो डाव्या हातानं उचलला. उजव्या मनगटाला अजून वजन पेलत नाही. उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"मग दवाखान्यात तुमी माफी कशापायी मागितली?" त्यांनी विचारलं. "बोल्ट तर तीनदा तपासलं हुतं म्हणताय."

"आण्णा म्हणाले होते ना, माझं कमी पडलं म्हणून," मी म्हणाले. "मला ते खरंच वाटलं होतं."