आमची एमआरआयवाली रचना

माझी धाकटी बहीण रचना ठाण्यात वागळे इस्टेटला एमआरआयचं मशीन चालवते. अख्ख्या बाळकुममध्ये अशी मुलगी दुसरी नाही. मी आठवीत शाळा सोडली, पण हिला शिकवली ती मीच. तिला विचाराल तर म्हणेल, अभ्यास तिने केला. असो.

तिला एक खोड आहे. एकदा विचारून तिचं समाधान होत नाही. बघायला आलेल्या पोराला पण नोकरीचं तीनदा विचारलं. परत आलाच नाही तो.

गेल्या श्रावणात मला ताप येऊन गेला आणि दहा दिवसांनी पाय जड झाले. दोन दिवसांत भिंत धरून चालायला लागलो. बेंबीखाली चिमटा काढला तरी कळेना, पोटाला कुणी पट्टा आवळल्यासारखं. मी टँकर चालवणारा माणूस, मला सगळं कळतं. डॉक्टरला सांगितलं, कमरेचा मणका सरकलाय. त्याने कमरेचा एमआरआय लिहून दिला.

रचनाने फॉर्म घेतला. "दादा, लघवी होते?"

"होते."

"आज झाली?"

"अगं, झाली! मोठ्या भावाला काय विचारतेस?"

सकाळपासून थेंब नव्हता. पण बहिणीसमोर कसं बोलणार? आपली पण काही इज्जत आहे.

थोड्या वेळाने तिने मला मशीनमधून बाहेर ओढलं. "कंबर ठीक आहे. पण मूत्राशय फुग्यासारखं भरलंय."

"पाणी जास्त प्यालो गं."

"पंढरीदादा, पाय घालवायचेत का?"

मग सगळं सांगितलं, पट्ट्याचं पण. तिने त्यांच्या मोठ्या डॉक्टरांना विचारून वरच्या पाठीचा फोटो काढला. तिथे चार मणक्यांएवढा लांब पांढरा पट्टा.

"मणका जागेवर आहे. आतल्या मज्जारज्जूला सूज आलीय," ती म्हणाली. "नुसती कंबर बघितली असती तर दिसली नसती."

म्हणजे माझं निदान फक्त एक वीत खाली चुकलेलं.

त्याच संध्याकाळी ॲडमिट झालो, रात्रीपर्यंत दोन्ही पाय हलायचे बंद. लघवीला नळी, हाताला पाच दिवस स्टिरॉइडची सलाईन. सहाव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. मी सगळा वॉर्ड गोळा केला.

रचना आली. "छान. आता डावा."

डावा हलेना.

"उद्या हलवतो," मी म्हणालो.

तिने डाव्या तळपायावर पेन ओढलं. "खरं सांग, इथे काही कळतंय?"

सिस्टर बघत होती, शेजारचा पेशंट बघत होता, त्याची सासू पण.

"नाही गं," मी म्हणालो, "काहीच नाही कळत."

रचना खुर्ची ओढून बसली आणि पेन बोटबोटभर वर सरकवत प्रत्येक ठिकाणी विचारायला लागली, "इथे?"