पेडलवरचा पाय

बीरगांवच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीवर मी चक्क पहारा देत होतो. आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा क्लच घसरत होता. त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत; हा चांगले भाग काढून विकणार, याची मला खात्रीच होती. लूट अशीच तर चालते!

त्यानं काहीच उघडलं नाही. पेडल हातानं दाबून पाहिलं, त्याच्या रॉडचा नट फिरवून पेडलला बोटभर ढिलाई दिली आणि मला चढावर चालवायला सांगून बाजूनं चालत राहिला. ट्रॅक्टरनं जोर धरला.

"क्लचची अर्धी प्लेट तुमच्या पायानंच खाल्ली, भैया. सारखा पाय पेडलवर काहून ठेवून राहिले? माह्यावर तर नाहीच, याच्यावर भी भरोसा नाही काय?"

मी पाय उचलला. तो कुठं ठेवावा, ते मात्र कळेना.