हात वर करून पाहिलं

परवा कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमबाहेर मी माझा नंबर यायची वाट बघत होते. आतून साठीच्या एक बाई नवा, अंगाला घट्ट बसणारा कुर्ता घालून बाहेर आल्या. त्यांची मुलगी खूश होऊन म्हणाली, "आई, हाच घे. सध्या सगळ्या हेच घालतात."

बाईंनी आरशात पाहिलंच नाही. वरच्या फळीवरचा डबा काढावा तसे दोन्ही हात वर केले आणि हसल्या. "नको गं, यात जीव कोंडतो." मग आपला धुऊन धुऊन मऊ झालेला सैल सुती कुर्ता घालून त्या निघूनही गेल्या.

मी आत गेले. मी घालून पाहिलेला कुर्ताही तसाच घट्ट होता. हात खांद्याच्या वर जाईनात, पण आरशातली मी मला फार आवडले. मग मला हवं तरी काय होतं? त्या बाईंना स्वतःला काय हवं ते इतक्या चटकन कसं कळलं? आणि मी घरी सैल कपडे घालते, ते आवडीने की नुसत्या सवयीने?

"झालं का हो तुमचं?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मी म्हणून गेले, "माहीत नाही."