एक्स्टर्नलचा पंखा

सांगलीत विश्रामबागेकडच्या कॉलेजात आम्हाला हीट ट्रान्सफर शिकवणाऱ्या सरांना हीट ट्रान्सफर येत नव्हतं. त्यांना पुस्तकाची पानं येत होती. गरम नळी भोवतालच्या हवेला किती सहजी उष्णता देते, त्या आकड्याला कोइफिशियंट म्हणतात. हवा निवांत असली की तो लहान, वारा सुटला की मोठा. बशीतल्या चहावर फुंकर घालणाऱ्याला जे कळतं, ते या गृहस्थांना कळत नव्हतं. त्यांच्या लेखी तो आकडा नळीच्या अंगावर गोंदलेलाच असायचा.

मोठ्या दुष्काळाला दोनेक वर्षं झाली होती. माझी शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पास झालो की साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसला चिकटायचं ठरलेलं. औंधाकडच्या आमच्या कोरडवाहू घराला तेवढाच आधार. पुण्याहून एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले. पाहुण्याला उकडू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सरांनी शहाळं मागवलं आणि टेबल फॅन असा लावला की साहेबांच्या टकलावरून आलेला वारा थेट नळीवर. आणि प्रयोग होता निवांत हवेतला!

नळी तापून स्थिरावल्यावर मी आकडा काढला. पुस्तकातल्यापेक्षा दुपटीहून जास्त आला. माझ्याआधी त्याच नळीवर, त्याच वाऱ्यात बसलेल्या सगळ्यांचा मात्र पुस्तकाबरहुकूम! उत्तर आधी लिहायचं आणि रीडिंग्ज मागून बसवायची, हीच तिथली इंजिनिअरिंग. मेंढरंसुद्धा इतकी एका रांगेत चालत नाहीत.

"हे एवढं कसं?" एक्स्टर्नलनी विचारलं.

"सर, पंख्याचा वारा लागतोय. बंद केला तर खाली येईल."

त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग शहाळ्याकडे. सर घाईघाईने म्हणाले, "नको नको, तुम्हाला उकडेल. त्याचंच काहीतरी चुकलंय."

"रीडिंग्ज नीट घेत चला," एक्स्टर्नल मला म्हणाले आणि पंखा आणखी जवळ ओढून बसले.

मी नापास झालो. कारखान्यातली जागा पुस्तकी आकडेवाल्या एका वर्गमित्राला मिळाली. त्या दोन विद्वानांची आठवण झाली की अजून तोंड कडू होतं.

गावी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते फौजेतून हवालदार होऊन परतलेले. त्यांनी ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला.

"अरं, सायबाला वारा लागतुयाच," ते म्हणाले. "तू नळीची बाजू कशापायी घेतलीस?"