मोठेकाकांनी बुजवलेल्या फटी

आमच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या घरात मोठेकाका राहतात. हे नाव त्यांच्या पुतणीनं ठेवलं. भाऊ, भावजय, पुतणी आणि ते अशी चार माणसं त्या घरात वीसेक वर्षं एकत्र राहिली. मग पुतणीला चांगली नोकरी लागली, तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं आणि आईवडिलांना घेऊन गेली. "तुम्हीही चला," असं तिघांनी तीन-तीनदा म्हटलं. काका "बघू" म्हणाले आणि बघता बघता ते राहूनच गेलं. भांडण नाही, तंटा नाही. घरात लहान कुणी उरलं नाही, पण ते मोठेकाकाच राहिले. बिनलग्नाचे होते, त्यामुळे त्यांची काळजी करण्याचं काम रीतसर असं कुणाकडेच नव्हतं.

चौतीस वर्षं ते औषधांच्या कारखान्यात वजनकाट्यावर होते. पावडरी मोजायच्या. तिथं बोलायची बंदी, कारण तोंडाच्या वाफेनंसुद्धा काटा हलतो. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही. जिन्यात भेटले की मान हलवायचे आणि बाजूला होऊन वाट द्यायचे.

मोठा हॉल एकट्याला खायला उठू लागला, तेव्हा त्यांनी सुताराला बोलावून मधोमध जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घातलं. पलीकडच्या अर्ध्या भागाला जिन्याकडचं वेगळं दार होतंच. सुतारानं दोन्ही बाजूंनी बोर्ड स्क्रूनं आवळले, "सांधे भरायला माणूस पाठवतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. दोन बोर्डांमध्ये नख जाईल एवढी फट, छतापाशी तर पेन्सिल जाईल एवढी. तेवढ्यात इस्पितळातली एक सिस्टर तो भाग भाड्यानं घ्यायला म्हणून बघायला आली.

"फटी राहिल्यात," काकांनी सांगितलं.

"असू देत हो काका. मला सोमवारी सामान हलवायचंय."

ती आली आणि काकांच्या घरात आवाज आले. तिचा गजर, किल्ल्यांचा जुडगा, तव्यावर उलथनं, पाय दुखले की स्वतःशीच म्हटलेलं "आई गं." काका मुद्दाम ऐकत नव्हते. पण तिची किटली वाजली की तेही आपला चहा टाकायचे. तिची कामाची पाळी बदलली की यांची जेवणाची वेळ बदलायची. असे दोन महिने गेले. हे त्यांनी मला पुढे सांगितलं, जिन्यात उभं राहून, मान खाली घालून, चोरी कबूल करावी तसं.

एका दुपारी सिस्टर आईशी फोनवर बोलत होती. "अगं, चांगले आहेत मालक. पण दिवसभर एक शब्द नाही. नुसती भांडी वाजतात. मला मेलीला वाईट वाटतं. आपण इकडे हसायचं, बोलायचं आणि पलीकडे माणूस गप्प बसलेला."

काकांच्या हातात पातेलं होतं. ते त्यांनी आवाज न करता खाली ठेवलं. आपल्याला तिचं ऐकू येतं, तसं तिलाही आपलं येतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या घरातून काय ऐकू जातं, तर भांडी. त्यांना शरमल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"पेंटर देऊ का?" दुकानदारानं विचारलं.

"नको. कसं करायचं तेवढं सांगा."

दुकानदारानं पुट्टीची पिशवी, कागदी टेपचं बंडल, पुट्टी ओढायचे दोन रुंदीचे पत्रे आणि घासायला पॉलिश पेपर काढून दिले. म्हणाला, "आधी फट भरा. मग वर पुट्टीचा पातळ पट्टा ओढा, त्यावर टेप दाबा, पत्र्यानं जादाची पुट्टी काढा. एक दिवस वाळू द्या. मग आणखी दोन हात, दर वेळी आधीपेक्षा रुंद. घाई केलीत की वाट लागली."

पुट्टी कालवणं काकांच्या हातचा मळ. पाण्यात थोडी थोडी पावडर सोडली, एक गुठळी होऊ दिली नाही. पण टेप लावताना हात आखडला. कारखान्याची सवय, कणभरही वाया जाऊ द्यायचं नाही! खाली पुट्टी कमी पडली आणि दुसऱ्या दिवशी टेपला फोडच फोड. काकांनी टोकाला धरून टेप ओढली, ती सगळीच्या सगळी हातात आली. स्टुलावर बसून ते स्वतःलाच म्हणाले, "काटकसर कर आणखी!" त्या घरात कितीतरी दिवसांत उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असावं. पलीकडून हसू ऐकू आलं.

दुसऱ्यांदा त्यांनी हात सैल सोडला. टेप नीट बसली. आपली बाजू झाल्यावर सिस्टरची बाजू आली. त्यासाठी तिच्या खोलीत जावं लागणार होतं. काकांनी दार वाजवलं आणि धुतलेला शर्ट घालून, हातात बादली घेऊन उभे राहिले.

पाच दिवस ते काम चाललं. सिस्टर कामावर नसेल तेव्हा टेबलावरचा दिवा भिंतीला लावून आडवा धरायची. तसा धरला की उंचवटे सावलीत दिसतात. "इथं, काका. इथं पण." काका घासायचे आणि पांढरी धूळ दोघांच्या केसांवर बसायची. तिनं कारखान्याचं विचारलं, पुतणीचं विचारलं. काका बोलले. चुकीच्या वजनामुळे एकदा अख्खी बॅच कशी फेकली, ते सांगताना त्यांनी साहेबाची नक्कलसुद्धा केली. तिला हसता हसता दिवा धरवेना.

शेवटच्या दिवशी तिनं भिंतीवरून तळहात फिरवला. "सांधा कुठाय ते सापडत नाही हो!"

"सापडायला नकोच," काका म्हणाले. त्यांनी पत्रे धुतले, फरशी पुसली आणि घरी आले.

घर गप्प होतं. किटली वाजली असेल, नसेल. पहिले काही दिवस ते चहाचं पातेलं घेऊन भिंतीशी उभे राहायचे, मग हवा तेव्हा टाकायला लागले. सिस्टर जिन्यात भेटायची. "बरं आहे ना काका?" "बरं आहे." धूळ नव्हती, दिवा नव्हता. तिला थांबवून काय बोलायचं, हे त्यांना कळत नव्हतं. दुसरी एखादी भिंत घालावी असंही एकदा मनात आलं, म्हणाले.

त्या वर्षाखेरीस त्यांना ताप आला. दोन दिवस ते नुसते पडून होते. कण्हले असतील, खोकले असतील. पलीकडे काहीच पोचलं नाही. तिसऱ्या दिवशी दाराशी तीन वर्तमानपत्रं साचलेली बघून सिस्टरनं दार बडवलं. काकांनी कसंबसं उघडलं. तिनं कपाळाला हात लावला आणि संतापली.

"एवढी चांगली भिंत कुणी करायला सांगितली होती तुम्हाला?"

काका म्हणाले, "चांगली झालीय ना?"

तिनं औषध दिलं, काकांच्या भावाला फोन केला. भाऊ येऊन आठ दिवस राहिला, पुन्हा "चला" म्हणाला, पुन्हा "बघू" झालं. त्यानंतर सिस्टर कामावर जाताना काकांच्या दारावर टकटक करायची आणि आतून "हं" आलं की खाली उतरायची. पुढच्या वर्षी तिची दुसऱ्या गावच्या इस्पितळात बदली झाली. आता तिथं एक जोडपं राहतं. दोघं फार मोठ्यानं बोलतात म्हणे. काकांना त्याचा पत्ता नाही.

सिस्टरचा एकदा फोन आला होता. तिच्या नव्या खोलीच्या छताला भेग गेली होती. काकांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. खालची पुट्टी सढळ हातानं घे, वाळू दे, घाई करू नकोस. फोन चाळीस मिनिटं चालला. मग पुन्हा आला नाही. आपणहून करावा, असं काकांना बऱ्याचदा वाटतं.

"करा की मग," मी म्हटलं.

"काय सांगून करू?" त्यांनी विचारलं. ते बाजूला झाले आणि मला वाट दिली.