तारेखालचा निळा रंग

इटियाडोह धरणाच्या पाण्यावरच्या आमच्या डिझेल बोटीची देखभाल माझ्याकडे होती. त्या हिवाळ्यात ती सकाळी सुरूच होईना. बोट चालवणारे काका हवेच्या पाइपच्या तोंडाशी चिंधीचा पेटता बोळा धरत, मग कुठे इंजिन धडधडे. मला संताप यायचा. आत जाणारी हवा तापवायला त्याच पाइपात हिटर बसवलाय, मग ही आग कशाला?

एके सकाळी मी मीटर घेऊन बसलोच. हिटरची कॉइल शाबूत होती, बॅटरीचा करंटही तिथवर पोचत होता, तरी हिटर थंडगार. असं कसं? शेवटी हिटरची इंजिनाला कसलेली अर्थिंगची तार सोडली. तिच्याखाली निळ्या रंगाचा जाड थर! करंटला परतायला वाटच नव्हती. रंग खरवडला, तार कसली. पाइप हाताला गरम लागला आणि इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं.

“तारेखाली रंग मारणारा हा शहाणा कोण?” मी ओरडलो.

काकांनी पेटवून तयार धरलेला बोळा विझवला. “दसऱ्याच्या पूजेले साऱ्या तारा खोलून इंजन तूच तं रंगवलं होतं. तवापासून मी बोळा पेटवून राहिलो.”