सगळ्यांचं मिळून एकच स्टोरेज

आमच्या स्टोरेजमध्ये जुन्या फाइली साचतात ना, तसेच माझ्या डोक्यात ऑफिसचे किस्से साचलेत. डिलीट करायला हात धजत नाही. सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करते.

आमचा अंधेरीचा स्टुडिओ सिनेमांसाठी खोटे पूर, खोट्या आगी बनवतो. ढीगभर कॉम्प्युटर मिळून एकेक शॉट तयार करतात आणि सगळे एकाच स्टोरेजमधून फाइली उचलतात. ते सांभाळणारी मी.

गणपतीच्या तोंडावर ते रडायला लागलं. का स्लो झालंय हे शोधायला मी त्याला सगळ्या फाइली मोजायला लावल्या. मोजता मोजता बिचारं आडवंच झालं!

"मॅडम, मघाशी निदान चालत तरी होतं," सावंत म्हणाले.

सावंत म्हणजे आमचे पुराचे एक्स्पर्ट. मूळचे कुडाळचे. यंदा घरच्या गणपतीची पाळी त्यांची. आणि बॉसने तर सांगूनच टाकलेलं, "पुराचा शॉट प्रोड्यूसरकडे गेल्याशिवाय सावंत हलणार नाहीत!"

*

मग मी मोठ्या फाइलींचे तुकडे करून ते बऱ्याच डिस्कवर पसरवले. सगळ्या डिस्क एकदम कामाला लागल्या. झकास! हुरूप आला, म्हणून छोट्या फाइलीही पसरवल्या. वाट लागली!

शेजारच्या टेबलावरची नीता म्हणाली, "अगं, एक पोळी खायला चार घरी पाठवतेस का कॉम्प्युटरना?"

*

शेवटी सगळ्यांना मेल टाकला: 'स्टोरेजवर ताण देऊ नका.' तो वाचून प्रत्येकाने आपापला फोल्डर उघडला. किती स्लो आहे ते बघायला!

नीता म्हणाली, "आता 'फास्ट झालंय' असा मेल टाक. मग तर अख्खा स्टुडिओ बघायला येईल."

*

पण सापडलं एकदाचं! पुराच्या प्रत्येक फ्रेमसाठी प्रत्येक कॉम्प्युटर पाण्याच्या त्याच त्या बारीक फाइली स्टोरेजकडे मागत होता. मी त्या प्रत्येकाच्या स्वतःच्याच डिस्कवर कॉपी करून दिल्या. संध्याकाळपर्यंत शॉट गेला. सावंत बॅग मांडीवर घेऊनच बसले होते. बॉसने 'ओके' म्हणायचा अवकाश, खुर्ची रिकामी!

*

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात. स्टोरेज नुसतं उडत होतं! मला राहवेना. सावंतांना फोन लावला. मागे भजन जोरात चाललेलं.

"सावंत, तुम्ही बघायला हवं होतं हो! फाइल मागायचा अवकाश, की हजर! काय ट्यूनिंग केलंय मी!"

पलीकडून सावंत शांतपणे म्हणाले, "मॅडम, आज हापिसात आसा कोण?"